मधे उभं राहण्याचा वर्ग

शर्मिला ओव्हाळ 'सलोख्या'त पहिल्यांदा गेली ती भांडायला.

स्वारगेटहून कात्रजकडे जाताना सातारा रस्ता सोडून आत वळलं, की ओढ्याच्या कडेनं खाणवस्ती लागायची. दगडाची खाण कधीच बंद पडली होती, नाव तेवढं राहिलं होतं. वस्तीत बालवाडीची एक जुनी खोली रिकामी पडलेली होती आणि ती बायकांच्या शिवणवर्गासाठी मिळावी म्हणून शर्मिला महापालिकेत खेटे घालत होती. तेव्हा ती बी.कॉम. होऊन एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायची. एक दिवस कळलं, की खोली कुणा दिगंबर पेंडसे नावाच्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त गणिताच्या मास्तरांना दिली गेली. 'सलोखा' नावाचा वर्ग काढून मुलांना अहिंसा शिकवायला म्हणे. वस्तीत हसून हसून लोकांची पोटं दुखली.

शर्मिला चार बायका घेऊन गेली. पेंडसे सर आतली जळमटं झाडत होते. तिनं आपलं म्हणणं सांगितलं, कागद दाखवले, बायकांना घरी बसून काय काय सोसावं लागतं तेही सांगितलं. सरांनी झाडू भिंतीला टेकवून सगळं ऐकून घेतलं.

"संपलं तुमचं?" त्यांनी विचारलं. "एवढं बोललात, पण आवाज एकदाही चढवला नाहीत. हे कुठे शिकलात?"

ती म्हणाली, घरीच. वडिलांकडून.

"मग असं करू. दुपारी खोली तुमच्या शिवणाला, संध्याकाळी माझ्या मुलांना. आणि संध्याकाळी तुम्हीही येत जा. भांडायला येताच आहात, तर शिकवायलाही या."

असं ते सुरू झालं. ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची.

तिचे वडील कचरू ओव्हाळ सातारा रस्त्यावरच्याच एका यंत्रांच्या कारखान्यात फिटर होते. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आलेले. तेव्हापासून घरात सकाळची वंदना कधी चुकली नव्हती. कचरूंनी मुलांवर हात उगारला नाही, बायकोवर तर नाहीच. पंचशील त्यांच्या घरी भिंतीवर लावायला नव्हतं. कुणी खोटं बोललं तर त्या दिवशी कचरू जेवताना गप्प असत, आणि ती शिक्षा पट्टीपेक्षा जड जायची.

पुढे दोनतीन वर्षांतच कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती आणली. त्यातली स्वेच्छा कारखान्याची होती. खाणवस्तीतले निम्मे पुरुष एका पावसाळ्यात घरी बसले. सकाळी डबा घेऊन निघायची सवय असलेली माणसं दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत राहायची, आणि त्यांची मोठी होणारी मुलं त्यांच्याकडे बघत राहायची. शहराच्या पलीकडच्या अंगाला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. कॉम्प्युटरवाल्यांना घरं हवी होती, म्हणून इकडे धायरी-नऱ्ह्याकडच्या जमिनींना सोन्याचे भाव आले. जमिनी म्हटल्यावर ताबे आले, आणि ताबे म्हटल्यावर रिकामी पोरं लागायला लागली. प्लॉटवर मोटरसायकली लावून नुसतं उभं राहायचं, कुणी आलं तर त्याला भीती वाटली पाहिजे, एवढंच काम. वस्तीतल्या कितीतरी मुलांची ती पहिली नोकरी.

पेंडसे सरांचा शाळेतला एक विद्यार्थी पूर्वी अशाच एका मारामारीत अडकला होता. त्याची बातमी त्यांनी सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रात वाचली. भूमितीत हुशार मुलगा होता, एवढंच ते सांगत. त्यापुढे कुणी विचारलं तर चष्मा पुसायला लागत.

वर्गात ते उपदेश करत नसत. त्यांना सगळं पायऱ्यापायऱ्यांनी लागायचं. दोघं हमरीतुमरीवर आले तर मधे कसं उभं राहायचं, हे ते मुलांना खडूनं जमिनीवर रेघा मारून शिकवायचे. छाती पुढे काढायची नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. हात उघडे, दिसतील असे. मग समोरच्याला नावानं हाक मारायची. मग विचारायचं, तुला काय हवंय. मग बोलत बोलत त्याला गर्दीबाहेर न्यायचं.

"नाव महत्त्वाचं," ते म्हणायचे. "नावानं हाक मारली की माणूस टोळीतला राहत नाही, घरातला होतो."

शर्मिलाला हे पटलं होतं, कारण तिनं ते होताना पाहिलं होतं. नळावरची भांडणं, दारूची भांडणं, मंडळांची भांडणं. कितीदा एक नाव घेतल्यावर वर गेलेला हात खाली आला होता. दवाखान्यातली नोकरी सोडून ती पूर्णवेळ 'सलोख्या'ची झाली. लग्नाची स्थळं आली, पण ही बाई मवाल्यांच्यात वावरते म्हणून एकेक मागे गेलं. तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. घरी वडील होते, वर्गात मुलं होती.

चेतनला त्याच्या आईनं, कांताबाईनं, कानाला धरून आणलं होतं. वय चौदा-पंधरा असेल. क्रिकेटच्या भांडणात त्यानं एका मुलाचं डोकं बॅटनं फोडलं होतं. नवरा केव्हाचाच निघून गेलेला. कांताबाई बिबवेवाडीतल्या सोसायट्यांत धुणीभांडी करून चेतनला आणि धाकट्या निकिताला वाढवत होती. तिनं मुलाला शर्मिलासमोर उभं केलं आणि म्हणाली, "ह्याच्या हातातलं काढून घ्या, ताई. काय देता येईल ते द्या, पण हे काढून घ्या."

चेतनच्या हातातलं निघायला दोन वर्षं लागली. निघाल्यावर मात्र असा मुलगा झाला, की सर त्याच्याकडे बघून मनाशीच हसायचे. उंच, शिडशिडीत, जरा थट्टेखोर. भांडणारे दोघं दोन्हीकडून शिव्या देत असताना हा मधे उभा राहून म्हणायचा, अरे थांबा, एकेकानं द्या, मला लिहून घेऊ द्या. माणसं हसली की निम्मं भांडण संपलेलं असायचं.

पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीनं 'सलोख्या'ला मदत सुरू केली. सलोनी नावाची एक मॅडम यायची, चांगल्या मनाची, कायम घाईत. तिनं जुने कॉम्प्युटर दिले, मुलांना एकसारखे टी-शर्ट दिले आणि वर्गाला 'व्यक्तिमत्त्व विकास' असं नाव देऊन टाकलं. तिच्याच ओळखीनं चेतनला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काम मिळालं. कात्रजपासून माणसं गोळा करत हिंजवडीला नेऊन सोडायची आणि परत आणायची. मागच्या सीटवरच्या बोलण्यातून तो इंग्रजी उचलायचा आणि घरी येऊन निकिताला ऐकवायचा. कांताबाईनं दोन घरची कामं सोडली. रविवारी सकाळचा वर्ग आता चेतनच घ्यायचा. सर मागच्या बाकावर बसून बघायचे.

ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीतून जयसिंग नावाचा मुलगा त्याच्या वर्गाला यायचा. बोलणं कमी, कॅरम मात्र उत्तम. काही महिने आला आणि मग यायचा बंद झाला. चौकशी केल्यावर कळलं, की बापानं त्याला एका जमीनवाल्याकडे लावून दिलंय, प्लॉटवर उभं राहायला. शर्मिला त्याच्या घरी जाऊन आली. बाप म्हणाला, तुम्ही देता का पगार? अशी किती मुलं येत, किती जात. ती मागे वळून फार बघायची नाही, कारण बघायला लागलं तर पुढचं काम होत नसे.

ते साल दोन हजार सात. शहरभर फ्लेक्सचं पीक आलं होतं. कुणाचाही वाढदिवस असला की चौकात माणसाएवढे चेहरे लागायचे. त्या जमीनवाल्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स खाणवस्तीच्या तोंडाशी लागला, आणि वस्तीतल्या बजरंगनं तो ब्लेडनं मधोमध फाडला. का फाडला, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही. पैज होती म्हणाला. आमच्या वस्तीच्या तोंडावर त्याचं थोबाड कशाला, असंही म्हणाला.

रविवारचा वर्ग संपला होता. शर्मिला खोलीत सतरंज्या गोळा करत होती. चेतन समोरच्या दुर्गाबाईच्या टपरीवर चहा प्यायला गेला; बजरंग तिथंच होता. मोटरसायकलवरून तिघं आले. तिघांच्याही तोंडाला रुमाल बांधलेले होते, आणि एकाच्या हातात कोयता होता.

पळापळ झाली. बजरंगला पळायला जागा नव्हती. मागे भिंत होती. चेतननं हातातला ग्लास खाली ठेवला आणि तो मधे जाऊन उभा राहिला. दुर्गाबाईनं नंतर सांगितलं, की तो अजिबात घाबरलेला वाटला नाही, ओळखीच्या माणसाशी बोलायला गेल्यासारखा गेला.

शर्मिला आवाज ऐकून बाहेर आली तोवर मोटरसायकल वळणावर होती. चेतन जमिनीवर होता. मानेपासून खांद्यापर्यंत सगळं उघडलं होतं. दोन्ही हातांचे पंजे मात्र तसेच उघडे होते. तिनं ओढणी दाबून धरली, कुणीतरी रिक्षा आणली. तो तिच्याकडे बघत होता, पण बोलू शकत नव्हता. सरकारी दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्याचं बघणंही थांबलं होतं.

कांताबाई कामावर होती. तिला कुणी सांगितलं, कसं सांगितलं, शर्मिलाला माहीत नाही. ती दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हाताला भांड्यांची राख होती. रडली नाही. चादर थोडी बाजूला करून तिनं मुलाचे पाय पाहिले, जणू ओळख तिथूनच पटणार होती.

मौतीला सगळी वस्ती होती. पेंडसे सर पांढऱ्या कपड्यांत एका कडेला उभे होते. कचरूंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. त्रिशरण-पंचशील झालं. परत आल्यावर बायका कांताबाईला घेऊन दारात बसल्या. दुर्गाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत परत परत सांगत होती, "आई म्हनला गं. पडता पडता आई म्हनला. दुसरं काय बी न्हाई." कांताबाई ते ऐकायची आणि मान हलवायची. थोड्या वेळानं स्वतःच म्हणायची, परत सांग. दुर्गाबाई परत सांगायची.

शर्मिला तिच्यासमोर जाऊन बसली. कांताबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"मधे उभं राहायला शिकवलंत, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. "पळायला का नाही शिकवलंत?"

शर्मिलानं तोंड उघडलं, पण आतून काही आलंच नाही. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांना बोलायला शिकवलं होतं. ती उठली आणि घरी गेली.

चेतनसाठी पुण्यानुमोदनाचा विधी होता, त्या दिवशी मुलं भडकलेली होती. बजरंगनं दोन दिवस तोंड दाखवलं नव्हतं. त्या दिवशी आला तो सातआठ जणांना घेऊनच. गोणपाटात काय गुंडाळलंय हे विचारायची गरज नव्हती. त्यातली तीन-चार मुलं 'सलोख्या'तली होती, चेतनच्यासारखाच टी-शर्ट घातलेली. कार्यक्रम संपला की ओढ्यापलीकडे जायचं, असं ठरलं होतं.

शर्मिलाला कुणीतरी बोलावून आणलं. ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. मुलं तिच्यासमोर थांबली, तिच्याकडे बघत राहिली. ती आता काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होती. तिला सगळ्या पायऱ्या पाठ होत्या. तिनं बजरंगचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि तिच्या डोळ्यांसमोर उघडे पंजे आले. आवाज फुटला नाही. हात वर झाले नाहीत. तिच्या मनात त्या क्षणी खरं काय होतं, हे तिनं पुढे एकदाच वडिलांजवळ कबूल केलं: जाऊ देत, असंच तिला वाटत होतं. जाऊ देत त्यांना. होऊ दे काय व्हायचं ते.

थांबवलं ते कांताबाईनं. ती दारातून उठून आली, शर्मिलाला ओलांडून बजरंगसमोर गेली.

"तुझ्यापायी तो गेला," ती म्हणाली. "आता तू जाशील. मग तुझ्यापायी अजून कोण. माझ्या दारात अजून मढी नकोत मला. बस खाली."

बजरंग उभाच होता. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं, लहान मुलाला जेवायला बसवावं तसं. तो बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. बाकीचे एकेक करून बसले. कांताबाईनं गोणपाट उचलून घरात नेलं. ही अहिंसा नव्हती, आणि कांताबाईला तसं कुणी म्हटलेलंही चाललं नसतं. ती फक्त फार थकली होती.

सलोनी मॅडम आली. तिचे डोळे सुजलेले होते. चेतन तिला रोज घरी सोडायचा. तिच्या कंपनीत मेणबत्त्या लावून सभा झाली होती, चेतनच्या नावानं शिष्यवृत्ती काढायचं ठरत होतं. सरांना वाटत होतं, खोलीत त्याचा फोटो लावावा, खाली 'शांतीसाठी' असं काहीतरी लिहावं. शर्मिला फोटो मागायला कांताबाईकडे गेली. कांताबाई म्हणाली, फोटो एकच आहे, लायसनचा, तो मी देणार नाही. आणि त्याला कशासाठी मारलं ते तुम्ही भिंतीवर लिहू नका, तुम्हाला माहीत नाही.

शर्मिलानं सरांना हे सांगितलं. ते खडूच्या डबीशी चाळा करत बसले.

"उत्तर चुकलं, की मी पायऱ्या तपासतो," ते शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षं तेच केलं. या वेळी सगळ्या तपासल्या, शर्मिलाबाई. चूक सापडत नाही."

त्यानंतर ते येईनासे झाले. तब्येतीचं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांच्या पत्नी कुसुमताई फोनवर सांगायच्या, खिडकीशी बसलेले असतात, पेपर वाचायचा सोडलाय. शर्मिला अधूनमधून सदाशिव पेठेत जाऊन त्यांच्याजवळ बसून यायची. दोघं मुलांविषयी काही बोलत नसत.

वर्गही रोडावला. आयांनी मुलं पाठवायचं थांबवलं आणि शर्मिला त्यांना बोलवायला गेली नाही. कॉम्प्युटर मात्र चालू होते. मुलं टायपिंग शिकायला यायची आणि जायची.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. कोयता मारणारा पोलिसांना दुसऱ्याच दिवशी सापडला होता. तो जयसिंग होता. शर्मिलाचं नाव साक्षीदारांत होतं, कारण चेतनला दवाखान्यात तिनं नेलं होतं. शिवाजीनगरच्या कोर्टात तारखेला ती गेली, तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात तो दोन हवालदारांच्या मधे बाकावर बसलेला होता. एकोणीसचा एकवीस झाला होता, पण अंगानं आटला होता. हवालदारांपैकी एक पान खायला गेला, दुसरा फोनवर बोलत होता.

जयसिंगनंच हाक मारली. ताई म्हणाला. तिला तिथून निघून जायचं होतं; ती थांबली.

तो खालच्या आवाजात, भराभर बोलला. बजरंगला फक्त घाबरवायचं होतं, हातावर एखादा द्यायचा, असं सांगून पाठवलं होतं. तोंडाला रुमाल होता, कोण आहे ते कुणाला कळणार नव्हतं. मग चेतनदादा मधे आला आणि म्हणाला, जयसिंग.

"सगळ्यांच्या देखत नाव घेतलं, ताई. दोनदा घेतलं. मला वाटलं, संपलं, आता सगळ्यांना कळलं. मी काय केलं ते मला..." तो थांबला. "त्यानं नाव नसतं घेतलं, तर मी गेलो असतो. खरंच गेलो असतो."

फोनवर बोलणाऱ्या हवालदारानं वळून पाहिलं आणि जयसिंगनं मान खाली घातली.

शर्मिलानं साक्ष दिली. विचारलं तेवढं सांगितलं. बाहेर येऊन ती बसथांब्यावर उभी राहिली आणि बसमागून बस जाऊ देत राहिली. सरांना जी चूक सापडली नव्हती ती तिला सापडली होती. ती त्यांना सांगायची नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. आणि त्याप्रमाणे सर गेले तोवर तिनं सांगितलंही नाही. वडिलांना सांगितलं. कचरू म्हणाले, आपल्या पोरानं ओळखलं म्हणून हाक मारली, आणि ह्याला ओळखलं म्हणून ह्यानं मारलं. ह्यात कुणाला काय शिकवणार.

कांताबाईला त्या दिवशी कोर्टात येता आलं नव्हतं. नव्या घरच्या कामाला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी ती स्वतःच शर्मिलाकडे आली. उंबऱ्यातच बसली. चेतन गेल्यापासून पहिल्यांदाच ती अशी आली होती. शर्मिलानं पाणी दिलं.

"दिसला का तो?" कांताबाईनं विचारलं.

शर्मिला म्हणाली, दिसला.

"काही बोलला?"

नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण ज्या घरात ती वाढली तिथं खोटं बोलणं सोपं नव्हतं, आणि कांताबाईच्या त्या जुन्या प्रश्नाचं तिच्यावर इतकं ओझं साचलं होतं, की निदान खरं सांगून आपण काहीतरी देतो आहोत असं तिला वाटलं. तिनं सगळं सांगितलं. रुमाल, हाक, दोनदा घेतलेलं नाव. आणि ते आम्हीच शिकवलं होतं, मावशी, हेही सांगितलं.

कांताबाई पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे शेवटी त्याच्या तोंडात त्या जयसिंगचं नाव होतं," ती म्हणाली.

शर्मिलाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दुर्गा म्हणली होती, आई म्हणाला. रोज झोपताना मी तेवढं ऐकते." कांताबाईनं तांब्या जपून खाली ठेवला. "तेवढं तरी राहू द्यायचं होतंत, ताई."

ती उठून गेली. शर्मिला तिच्या मागे दुर्गाबाईच्या टपरीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. त्यानंतर कांताबाईनं तिच्याशी बोलणं सोडलं. भांडण केलं नाही, कुणाजवळ वाईट बोलली नाही. समोरून आली तर बाजूनं निघून जायची. वर्षभरात निकिताचं लग्न झालं आणि कांताबाई खोली विकून लेकी-जावयाकडे धायरीला राहायला गेली.

जयसिंगला जन्मठेप झाली. ज्यानं पाठवलं होतं त्याचं नाव कागदावर कुठेही आलं नाही; पुढच्या वाढदिवसाला त्याचे फ्लेक्स लागले, जरा लांबच्या चौकात. बजरंग एका कुरिअर कंपनीत लागला. तो कुणाच्या भांडणात पडत नाही, आणि दुर्गाबाईच्या टपरीवर कधी चहा घेत नाही.

वर्ग बंद झाला असता, पण एक दिवस दोन मुलं स्वतःच आली. ओढ्यापलीकडची होती. त्यांना प्लॉटवर उभं राहायला बोलावलं होतं आणि जायचं नव्हतं. नाही कसं म्हणायचं, ते विचारायला आली होती. शर्मिलानं त्यांना बसवून घेतलं. सरांच्या खडूच्या रेघा तिनं पुन्हा मारल्या नाहीत. तिनं त्यांना सांगितलं, की तिला सगळं येत नाही. हत्यार दिसलं तर निघून जायचं, यात लाज नाही, हे मात्र तिनं पहिल्यांदा सांगितलं. तोंड बांधलेलं असेल तर ओळखलं तरी ओळख द्यायची नाही, हेही सांगितलं. मुलांनी कारण विचारलं नाही. शहरात वाढलेली मुलं होती. त्यांना ते आधीच माहीत असावं, असं तिला वाटलं आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कचरू गेले, सर गेले. सलोनी मॅडम परदेशात गेली, कंपनीची मदत दुसऱ्या कुठल्यातरी कामाला वळली. शर्मिला पुन्हा एका दवाखान्यात केसपेपर काढायला लागली आणि रविवारी सकाळी खोली उघडत राहिली. चार येत, कधी सहा, कधी कुणीच नाही. ज्या रविवारी कुणी येत नसे, त्या दिवशीही ती ठरल्या वेळेपर्यंत बसून राहायची.

असंच एकदा, बऱ्याच वर्षांनी, स्वारगेटला धायरीच्या बसच्या रांगेत तिला कांताबाई दिसली. केस पांढरे झाले होते, गुडघ्यानं थोडी लंगडत होती. नजर चुकवायला जागा नव्हती. कांताबाईनंच आधी विचारलं, बऱ्या आहात का. शर्मिला म्हणाली, बरी आहे. मग कांताबाई निकिताच्या मुलीविषयी बोलत राहिली. इंग्रजी शाळेत जाते, पाढे पाठ करायचा कंटाळा करते, आजीशिवाय जेवत नाही. शर्मिला ऐकत होती आणि मधे एखादा शब्द चेतनविषयी येईल म्हणून वाट बघत होती. तो आला नाही. तिनंही काढला नाही.

बस आली. पायरी उंच होती; शर्मिलानं हात पुढे केला. कांताबाईनं दांडी धरली आणि स्वतःची स्वतःच वर चढली. आत गर्दी होती. कुणीतरी उठून तिला जागा दिली, आणि ती पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली.